मागच्या सीटचा रकाना

खासनिसांच्या घरात साधा मिक्सर घ्यायचा म्हटलं तरी फाईल निघायची. थट्टा नाही. खरीखुरी फाईल, खाकी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, वर ठळक अक्षरांत विषय लिहिलेली. नंदकिशोर खासनिसांची उभी हयात बँकेत गेली, आणि बँकेत जसं दोन सह्यांशिवाय काही हलत नाही तसं घरातही हलता कामा नये, असं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. आधी तुलनात्मक तक्ता, मग शेरा, मग पहिली सही त्यांची आणि दुसरी विभाची. तुला विचारल्याशिवाय या घरात काही होणार नाही, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. चोवीस वर्षांच्या विभाला ते ऐकून भरून आलं होतं. साताऱ्यात तिच्या वडिलांनी तिच्या आईला आज भाजी कुठली आणू एवढंही कधी विचारलं नव्हतं.

आता विभा त्रेपन्न वर्षांची होती, आणि इतक्या वर्षांत केलेल्या सह्यांपैकी एकही तिने वाचून केलेली नव्हती. सही कुठे हवी तिथे ते पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायचे. ती पोळ्या लाटता लाटता हात पुसून यायची, फुलीवर सही करायची आणि परत पोळपाटाशी जायची. वाचायचं काय त्यात? तक्ता कधी चुकायचा नाही. माणूस निर्व्यसनी, सरळ, आवाज म्हणून चढवणार नाही. अशा माणसाच्या कामात खोट काढायची म्हणजे आपल्यालाच अपराधी वाटायचं.

बदल्यांचीही एक फाईल होती आणि तीच सगळ्यांत जाड होती. इंदूरला विभाच्या सतारीच्या दोन परीक्षा झाल्या आणि तिसरीच्या आधी बदली आली. राजकोटला बी.एड.चं अर्धं वर्ष झालं. कटकला तिने शिवणाचा क्लास काढला, अकरा मुली यायला लागल्या, बारावी चौकशी करून गेली आणि पुढच्या आठवड्यात सामान बांधायला माणसं दारात उभी राहिली. प्रत्येक वेळी फाईल समोर आली, प्रत्येक वेळी फुली होती, आणि प्रत्येक वेळी तिने सही केली. रडायचं ते नंतर, बाथरूमचा नळ सोडून.

शेवटची नेमणूक जयपूरची. इथेच नंदकिशोर दोन हजार सहाच्या जूनमध्ये निवृत्त झाले. साताऱ्यात आता कोणी उरलं नव्हतं आणि मुलगी गार्गी बंगलोरला नोकरीत रुळलेली, तेव्हा त्यांनी शास्त्री नगरातच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. त्या फाईलवर सही करताना विभाचा हात पहिल्यांदा हलका होता. भिंतीत खिळे ठोकताना तिने मुद्दाम मोठे खिळे आणले. आता कुणी उपटणार नव्हतं.

आणि तिच्याकडे सांगानेर होतं, शहराबाहेरचं छापकामाचं गाव. तीन वर्षांपूर्वी ती चादरी घ्यायला म्हणून कलावतीजींच्या छापकामाच्या कारखान्यात गेली आणि तिथल्या कारागिराला म्हणाली की भैया, तुमची कोपऱ्यातली वेल वळतच नाहीये. कारागीर चिडला. कलावतीजी मात्र हसल्या, तिच्या हातात कागद-पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या की वळवून दाखवा. तिने दाखवली. त्या दिवसापासून ती आठवड्यातून चार दिवस मिनीबसने सांगानेरला जायला लागली. लाकडी ठप्पा रंगात बुडवायचा, कापडावर नेमका टेकवायचा, मुठीने ठोकायचा, उचलायचा, पुढे सरकायचं. पहिल्यांदा बाहेरची रेघ छापायची, तिला तिथे रेख म्हणतात. रेख केसभर सरकली की पुढचे सगळे रंग सरकतात. वर्षभर तिने नुसते फाटके पंचे छापले. दुसऱ्या वर्षी तिला उशांचे अभ्रे मिळाले. आणि या दिवाळीच्या आधी कलावतीजींनी तिने काढलेल्या तोंडलीच्या वेलीचा ठप्पा कोरून घेतला, परदेशच्या गिऱ्हाइकाला दाखवला, आणि दोनशे पलंगपोसांचं काम घेऊन आल्या. डिसेंबर ते मार्च. रेख विभाजीच मारणार, त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, दुसऱ्या कुणाचा हात या वेलीला लागायचा नाही. खिडकीकडचं लांब टेबल तिला दिलं. विभा घरी येताना बसमध्ये खुळ्यासारखी हसत होती.

घरी आली तर दिवाणखान्यात नंदकिशोर नवीन फाईल लावत बसले होते. विषय होता मोटारसायकल.

तसं हे खूळ जुलैपासूनचं. तरुणपणी साताऱ्यात मामाच्या बुलेटवर बसून ते महाबळेश्वरचा घाट चढले होते, तेवढ्या भांडवलावर माणूस चाळीस वर्षं स्वप्नं बघत राहिला. निवृत्त झाल्यावर भारत बघायचा, तोही मोटारसायकलवरून, असं ते पूर्वीपासून म्हणायचे. विभाला वाटायचं की लोक काशीला जायचं म्हणतात तसंच हे. पण रविवारी शोरूम, सोमवारी माहितीपत्रकं, मंगळवारी पुन्हा शोरूम असं सुरू झालं तेव्हा तिला कळलं की हे काशीचं बोलणं नव्हे.

एकाच कंपनीच्या दोन गाड्या होत्या. इंजिन तेच, सांगाडा तोच, चाकं तीच. एक साधी क्रूझर आणि दुसरी तिलाच सजवून केलेली टूरिंग. जेवताना, चहाच्या वेळी, टीव्हीवर बातम्या चालू असताना घरात दुसरा विषय नव्हता. साधी क्रूझर हलकी. बुटकी, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायचं, हँडल रुंद, गल्लीत वळवली तर म्हशीच्या रेडकासारखी सहज वळते. पण साठच्या पुढे वेग गेला की वारा छातीवर धडका मारतो, आणि दोनशे किलोमीटरला मान अवघडते. टूरिंगला पुढे मोठी काच, वारा डोक्यावरून जातो. टाकी मोठी. दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या, पावसाचं पाणी आत जात नाही. पण वजन अठ्ठावीस किलो जास्त. उभी करताना घाम निघतो, वाळूत रुतली की दोन माणसं लागतात, आणि अरुंद रस्त्यात वळवायची तर आधी विचार करावा लागतो.

आणि मागची सीट. खरा फरक तिथेच होता. साध्या क्रूझरला मागे तळहाताएवढा गादीचा तुकडा, कुणाला चौकापर्यंत सोडायला पुरेल इतकाच. टूरिंगला मागे खुर्चीसारखी रुंद बैठक, पाय ठेवायला पसरट पट्ट्या, आणि टेकायला पाठ. ती पाठ बघून नंदकिशोर हरखले होते. विभा, अगं तुला झोप लागेल तिथे, ते म्हणाले. बेत ठरलेला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, जैसलमेर, कच्छ, मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली कन्याकुमारी, आणि पूर्वेच्या बाजूने वर. चार महिने. उन्हाळ्याच्या आत परत.

डिसेंबर ते मार्च. विभाने नको म्हटलं नाही. म्हणायचं तरी कसं? तिला सवयच नव्हती. ती एवढंच म्हणाली की सांगानेरला मोठं काम आलंय. ते म्हणाले, अरे वा, छान झालं, कलावतीजींना सांग की एप्रिलपासून करते. आणि पुन्हा काचेची उंची मोजायला लागले. त्यांना वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतंच. त्यांच्या लेखी तिची कामं ही नेहमीच थांबवून ठेवता येण्याजोगी होती, आणि तसं त्यांना वाटू देण्यात तिच्या सह्यांचा हात होता, हेही तिला कळत होतं. त्याचाच जास्त राग येत होता.

नोव्हेंबरच्या मध्यावर ते एका दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेले, आणि फाईल टेबलावर राहिली. शेवटच्या पानावर पेन्सिलीची फुली तयार होती. विभाने चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्ता वाचायला घेतला.

एकतीस मुद्दे होते. पहिले चौदा गाडीचे. उरलेले सतरा मागे बसणाऱ्याचे. मागे बसणाऱ्याची उंची पाच फूट एक, पाय पट्टीवर पुरे टेकतात का, साधी नाही, टूरिंग होय. डावा खुबा दुखतो, कटकला पाय घसरल्यापासून, दर दीड तासाला उतरणे आवश्यक. उन्हाने कपाळ चढते, काचेची सावली मागेपर्यंत येते का, पाहणे. दुपारी चारला चहा लागतो, न मिळाल्यास डोके दुखते, सांगत नाही. घाटात भीती वाटते, डोळे मिटून घेते, पाठीला आधार हवा. साडीऐवजी सलवार-कमीज, पटवून द्यावे लागेल, घाई करू नये.

तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. कोण इतकं बघतं बायकोकडे? तिच्या मैत्रिणींच्या नवऱ्यांना बायकोचा चष्म्याचा नंबर माहीत नव्हता. या माणसाला कुठल्या वर्षी कुठला पाय घसरला ते पाठ होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी तिला गुदमरल्यासारखं झालं. सतरा मुद्दे, आणि मागे बसणारीला यायचं आहे का, हा अठरावा कुठेच नव्हता. तो त्यांना सुचलाच नव्हता. लपवला असता तर भांडता तरी आलं असतं.

तिने पेन उचललं. फुलीवर सही केली नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: साधी घ्यावी. जाणारा एकच आहे. आणि खाली तारीख घातली. अक्षर सरळ आलं, रेख मारून मारून हाताला वळण लागलं होतं. मग ती गॅसपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली.

संध्याकाळी नंदकिशोरांनी फाईल उघडली. तिने स्वयंपाकघरातून पाहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि हसले. कौतुकाने हसले. तिच्या शेऱ्याखाली त्यांनी हिरव्या शाईने काहीतरी लिहिलं आणि फिरायला गेले. ते गेल्याबरोबर तिने जाऊन वाचलं. लिहिलं होतं: सूचना सौ. विभा यांच्या नेहमीच्या संकोचातून आलेली आहे. स्वतःसाठी जादा खर्च नको असा हेतू दिसतो. मूळ प्रस्ताव कायम.

विभाने कपाळाला हात लावला. तसा दोष पुरता त्यांचा नव्हता. जन्मभर ती मला काही नको, मला कशाला, तुमचं होऊ दे, असंच म्हणत आली होती. साडी घेताना, चप्पल घेताना, हॉटेलात मागवताना. तिच्या माहेरी बायका असंच बोलायच्या, आणि समोरच्याने दोनदा आग्रह करायचा हे ठरलेलं असायचं. आता खरोखरच नको होतं, आणि खरोखरच्या नकोला तिच्याजवळ वेगळा शब्दच शिल्लक नव्हता.

रविवारी ते तिला शोरूममध्ये घेऊन गेले. विक्रेता आदबशीर होता, मॅडमसाठी खुर्ची, मॅडमसाठी पाणी. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केलेल्या होत्या. साधी काळी आणि टूरिंग गर्द लाल. विभाला वाटलं होतं त्यापेक्षा ती साधी गाडी देखणी होती. तिच्यावर जास्तीचं काही नव्हतं. एका माणसाने बसावं आणि निघून जावं, इतकीच ती होती. तिच्या मागच्या तुकड्यावर विभा बसली आणि लगेच घसरायला लागली, विक्रेत्याने हात दिला. मग टूरिंग. तिला पाट ठेवून वर चढवलं. बसली, आणि पाठ टेकली.

खोटं कशाला बोला, सुख वाटलं. खुब्याला कुठे कळ नाही, पाय नीट टेकलेले, मागून मऊ आधार. पुढे नंदकिशोर बसले होते, त्यांचा करड्या केसांचा डोक्याचा मागचा भाग आणि शर्टाची कॉलर तिच्या नाकासमोर. त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. डावीकडे पेटी, उजवीकडे पेटी, मागे पाठ. तिला एकदम वाटलं की आता हे कुणी उतरू देणार नाही. इतकं आरामशीर करून ठेवलंय की उतरायला कारणच सापडणार नाही. ती घाईघाईने उतरायला गेली तर पदर पेटीच्या कुलपात अडकला, आणि विक्रेता व नंदकिशोर दोघं मिळून तो सोडवेपर्यंत ती तशीच एका पायावर उभी राहिली.

कुठली बरी, असं नंदकिशोरांनी विचारलं. तिने काळ्या गाडीकडे बोट केलं. ही कायम अशीच, ते विक्रेत्याला हिंदीत म्हणाले, स्वतःसाठी कधी काही मागणार नाही. विक्रेत्याने माताजी टाइपचं काहीतरी पुटपुटत हात जोडले. लाल गाडी नावावर राखून ठेवायचं ठरलं. पुढच्या शनिवारी पक्कं करायचं.

शुक्रवारी सकाळी तिने सांगून टाकलं. चहाचे कप मधे होते. कसं सुरू करायचं याची तिने रात्रंदिवस तयारी केली होती, ती सगळी ऐनवेळी विसरली.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "संकोच नाही आणि खर्चाचंही नाही. मला यायचंच नाही. तुम्ही साधी गाडी घ्या आणि जाऊन या. मला इथे राहायचंय. एका गावात, एका टेबलाशी, हातात घेतलेलं एक तरी काम पुरं होईपर्यंत."

नंदकिशोरांनी कप बाजूला सारला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मग उठले, बदल्यांची जुनी फाईल काढून आणली आणि तिच्यासमोर उघडून ठेवली. पान उलटलं, पुन्हा उलटलं. प्रत्येक पानावर खाली उजव्या कोपऱ्यात तिची वळणदार सही होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं. "मी प्रत्येक वेळी विचारलं होतं."

विचारलं होतं हे खरं होतं. फुली आधी मारून विचारलं होतं, हेही खरं होतं. पण ते आता म्हणायला जावं तर एका माणसाची सगळी हयात खोटी ठरत होती, आणि तिची स्वतःचीही. निदान तुम्ही तरी जाऊन या, एवढं तिने पुन्हा म्हटलं. गार्गी रोज फोन करेल, मी करेन. चार महिन्यांनी परत आलात की सगळं ऐकेन.

"एकट्याने मला जमायचं नाही, विभा."

हे ते इतक्या हळू बोलले की तिला आधी वाटलं भास झाला. पण ते बोलत राहिले. कटकला स्टेशनवर उतरलो तेव्हा मी सामानाजवळ उभा राहिलो आणि रिक्षा तू ठरवलीस, भाषा तुलाही येत नव्हती. राजकोटला डॉक्टर तू शोधलास. इंदूरला घरमालकाशी तू बोललीस. मी प्रत्येक गावात नुसता बँकेत गेलो, गावात तूच गेलीस. रस्त्यात कुणाला पत्ता विचारायचा म्हटलं तरी माझी जीभ जड होते. तू मागे असशील म्हणून तर हे सगळं सुचलं.

विभाला दया आली. ही दयाच आपला घात करणार हे तिला त्याच वेळी स्पष्ट दिसत होतं. हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवावा आणि बरं, येते मी, असं म्हणावं, इतकं ते सोपं होतं. एकोणतीस वर्षं तिने हेच केलं होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि बसून राहिली. घड्याळात नऊ वाजले. ती उठली, डबा भरला आणि सांगानेरला गेली. त्या दिवशी तिची रेख तीनदा सरकली, आणि कलावतीजींनी काही न बोलता तिला नवीन कापड आणून दिलं.

ती परत आली तेव्हा विषय संपलेला होता. नंदकिशोरांनी शोरूमला फोन करून नको म्हणून कळवलं होतं. तक्त्यावर साध्या क्रूझरच्या आणि टूरिंगच्या दोन्ही रकान्यांवर पट्टी लावून तिरकी रेघ मारली होती, आणि खाली लिहिलं होतं: दुसरी सही नसल्याने प्रस्ताव रद्द. नियम म्हणजे नियम. गाडीची माहितीपत्रकं त्यांनी रद्दीत घातली नाहीत, नीट गठ्ठा करून कपाटात ठेवली. जेवताना वरणाची तारीफ केली. त्यांचं तोंड उतरलेलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते इतके झटत होते की विभाने आपल्या ताटातला भात तसाच झाकून ठेवला.

रात्री गार्गीचा फोन आला. तिला बाबांनी आधीच सगळं सांगितलेलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून. आई, मतलब बाबांनी तुझ्यासाठी ड्रीम सोडलं, गार्गी म्हणाली, यू आर सो लकी. असं कोण करतं आजकाल? खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही जिन्यात थांबवून तेच सांगितलं. चार-पाच दिवसांत विभाला कळून चुकलं की आपण जिंकलो म्हणतात ते हेच. आता ती जन्मभर त्यांच्या न झालेल्या प्रवासाची देणेकरी होती. ते मात्र सकाळी पेपर, मग गॅलरी, मग पुन्हा पेपर, असे घरात फिरत राहायचे आणि ती दिसली की चेहरा हसरा करायचे.

डिसेंबरचा पहिला सोमवार उजाडला. पलंगपोसांचं काम त्या दिवशी सुरू होणार होतं. विभा लवकर उठली, डबा केला, केस घट्ट बांधले. चपला घालताना मागून आवाज आला, थांब जरा. नंदकिशोर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. काखेत कोरी फाईल होती.

घरी बसून मी तरी काय करू, ते म्हणाले. गाडीचं राहिलं ते राहिलं. तुझं काम तरी बघू दे. तुमच्याकडे रंगाचा, कापडाचा, कारागिरांच्या वेळेचा काही हिशेब ठेवलेला नसणार, मी नीट घडी बसवून देतो. कलावतीजींशी काल फोनवर बोललो, त्या तर खूश झाल्या. म्हणाल्या, विभाजींचे साहेब येतात तर आणखी काय पाहिजे. खुर्ची तुझ्या टेबलाशेजारीच ठेवते म्हणाल्या, मागच्या बाजूला, तुला अडचण नको म्हणून.

तिला नाही म्हणायचं होतं, पण एक नाही म्हणून झालं होतं आणि त्याचं ओझं अजून खांद्यावरून उतरलं नव्हतं. दुसरं नाही म्हणायला कुठून बळ आणायचं? स्वप्न सोडलेल्या माणसाला खुर्चीही देऊ नये, असं कसं म्हणायचं? ती जिना उतरायला लागली. मागून त्यांची पावलं.

मिनीबसमध्ये त्यांना शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. तिने खिडकीची घेतली. बस चांदपोलच्या गर्दीतून सुटली आणि कंडक्टर पुढून पैसे गोळा करत मागे यायला लागला. सहा वर्षं जयपुरात राहून नंदकिशोर या बसमध्ये कधी चढले नव्हते. त्यांनी खिशातलं पाकीट काढलं, पण तसेच बसले, आणि सवयीने विभाकडे पाहिलं. बोलायचं ते तीच बोलणार.

कंडक्टर आला. विभाने नाणी मोजूनच आणलेली होती.

"सांगानेर," ती म्हणाली. "एक."

कंडक्टरने नाणी घेतली. नंदकिशोरांना वाटलं तिची बोलताना चूक झाली, ते तिच्याकडे बघत राहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बोला की, ती मनातल्या मनात म्हणत होती, एकदा तरी स्वतःचं गाव स्वतःच्या तोंडाने सांगा. कुठलंही सांगा. पुढच्या चौकात उतरायचंय म्हणा, बागेत जायचंय म्हणा, झालान्याच्या टेकड्यांकडे जायचंय म्हणा. तुम्ही सांगाल तिथे तुम्हाला एकट्याला जाता येईल, काही होत नाही, मीही तशीच गेले होते.

"और आप, बाबूजी? कहाँ जाएँगे?" कंडक्टरने विचारलं.

नंदकिशोरांनी घसा खाकरला. फाईल मांडीवर सरळ केली.

"जहाँ ये जाएँगी," ते म्हणाले.

कंडक्टर मोठ्याने हसला. पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनी मागे वळून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. एक म्हातारी विभाकडे बघून, नशीब काढलंस बाई, अशा अर्थाचं काहीतरी मारवाडीत म्हणाली. सगळी बस आता त्यांच्याकडे मायेने बघत होती. नंदकिशोर लाजले, पण त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं, आणि त्यांनी सरकून तिला थोडी जास्त जागा करून दिली. विभालाही हसावं लागलं. सांगानेर यायला अजून पाऊण तास होता.